लोकर किती घ्यावी? विणकामाच्या अंदाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात थंडी नावापुरती, तरी विणकाम बारा महिने चालतं. बारशासाठी टोपडं-मोजे, देव्हाऱ्यातलं आसन, चतुर्थीचं तोरण, दिल्लीला किंवा परदेशी निघालेल्या मुलासाठी स्वेटर, असं काही ना काही सुयांवर असतंच. गाडं अडतं ते एकाच ठिकाणी: लोकर एक गुंडा कमी पडते, नाहीतर तीन गुंडे उरतात. आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. "लोकर" हा शब्द बाजारात बोलतात त्याच अर्थाने वापरला आहे. त्यात ॲक्रिलिकही आलं. सुती धाग्याला "सूत" म्हटलं आहे.

१. एका स्वेटरला किती लोकर लागते? एकदाच काय तो आकडा सांगा.

एकच आकडा सांगता येत नाही, पण दुकानात उभं असताना उपयोगी पडतील असे ढोबळ आकडे आहेत. हे डीके जाडीच्या धाग्याचे आहेत, म्हणजे ४ मि.मी. सुईवर १० सें.मी. रुंदीत साधारण २२ टाके बसतात तो धागा:

- नवजात बाळाचं टोपडं: ५० ते ७० मीटर
- बाळाचे मोजे, एक जोडी: ३० ते ४० मीटर
- नवजात बाळाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर: १८० ते २२० मीटर
- दोन वर्षांच्या मुलाचा स्वेटर: ३०० ते ३५० मीटर
- ७५ × ७५ सें.मी. चं दुपटं: ६५० ते ८०० मीटर, विणीप्रमाणे
- मध्यम मापाचा बायकांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर: ११०० ते १३०० मीटर
- पुरुषांचा मोठ्या मापाचा स्वेटर: १४०० ते १६०० मीटर

मोठ्या माणसाच्या पायमोज्यांना बारीक धागा लागतो. १०० ग्रॅममध्ये ४०० मीटरच्या आसपास भरणारा एक गुंडा जोडीला पुरतो.

या आकड्यांवर डोळे मिटून खरेदी करू नका. ते फक्त "दोन गुंडे की दहा" एवढं ठरवायला आहेत. नेमका हिशेब प्रश्न ४ मध्ये आहे.

२. दुकानात लोकर ग्रॅमवर मिळते. मग तुम्ही मीटर का मोजता?

कारण टाका लांबीचा बनतो, वजनाचा नाही. १०० ग्रॅम ॲक्रिलिक डीके साधारण २९० मीटर भरतं. तेवढ्याच जाडीचं सूत १०० ग्रॅममध्ये २०० मीटरच्या आसपासच मिळतं, कारण कापूस जड. वजन तेच, लांबी जवळजवळ एक तृतीयांश कमी. "मागच्या वेळी ३०० ग्रॅममध्ये झाला होता" या हिशेबाने सूत आणलं की बाही अर्धी राहते ती यामुळेच.

आपल्याकडच्या पुष्कळ पाकिटांवर मीटर छापलेलेच नसतात. अशा वेळी प्रश्न १२ मधली पद्धत वापरा. परदेशी कृतीत यार्ड असतील तर ०.९१ ने गुणा, मीटर मिळतील. औंस असतील तर २८ ने गुणा, ग्रॅम मिळतील.

३. लेबलावर "४ प्लाय" आहे आणि कृतीतही "४ प्लाय". म्हणजे जुळलं ना?

नाही. प्लाय म्हणजे धागा किती पदरांचा वळलाय तो आकडा. पदर बारीक असतील तर चार पदरांचा धागाही बारीकच होतो. इंग्लंडच्या कृतींत "४ प्लाय" म्हटलं की १०० ग्रॅमला साधारण ४०० मीटरचा बारीक धागा समजतात. आपल्या बाजारात त्याच नावाखाली बरेच जाड धागेही दिसतात. तेव्हा प्लाय सोडा, १०० ग्रॅमला मीटर किती ते बघा.

क्रोशाच्या दोऱ्याचं गणित आणखी वेगळं आहे. तिथे १०, २०, ४० हे नंबर असतात आणि नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक.

असाच घोटाळा सुयांचाही होतो. आपल्याकडच्या सुया जुन्या ब्रिटिश नंबरांच्या: ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., १० नंबर म्हणजे ३.२५ मि.मी. अमेरिकन नंबर उलट चढतात आणि तिथला ८ नंबर ५ मि.मी. चा असतो. अमेरिकन कृती आपल्या ८ नंबरवर विणली तर वीण घट्ट होते, तेच माप गाठायला टाके आणि ओळी वाढतात आणि लोकर कृतीत लिहिल्यापेक्षा जास्त जाते. सुई नेहमी मिलिमीटरमध्ये जुळवा.

४. नेमका अंदाज काढायची पद्धत कोणती?

नमुन्याचा चौकोन विणायचा, त्याचं क्षेत्रफळ आणि वजन काढायचं आणि पूर्ण कपड्याच्या क्षेत्रफळाशी त्रैराशिक मांडायचं. शाळेत शिकलेलं त्रैराशिक इथे खरंच कामाला येतं.

आधी एक गुंडा विकत घ्या. ज्या सुईवर आणि ज्या विणीत काम करायचंय त्यातच निदान १२ × १२ सें.मी. चा चौकोन विणा. ५ सें.मी. चा तुकडा चालणार नाही, कारण कडेचे टाके सैल-घट्ट असतात आणि लहान तुकड्यात त्यांचाच भाग मोठा होतो. टाके बंद करा, लोंबणारी टोकं कापून टाका, चौकोन धुऊन सपाट वाळवा. मग ताणू न देता लांबी-रुंदी मोजा आणि ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर वजन करा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे कमी पडतो: ६.६ आणि ७.४ दोन्हींना तो ७ च म्हणतो.

उदाहरणार्थ, डीके सुतात बाळाचा स्वेटर घेऊ. छातीचा तयार घेर ५० सें.मी., उंची २६ सें.मी., बाही १५ सें.मी. लांब आणि सरासरी १८ सें.मी. रुंद.

अंग: ५० × २६ = १३०० चौ. सें.मी.
दोन बाह्या: २ × १५ × १८ = ५४० चौ. सें.मी.
एकूण: १८४० चौ. सें.मी.

चौकोन १२ × १२ = १४४ चौ. सें.मी., वजन ७ ग्रॅम. १८४० ÷ १४४ = १२.७८. याला ७ ने गुणलं की ८९.४ ग्रॅम. गळ्याचा खोलगट भाग वजा करत बसू नका, तो पट्टीत आणि शिवणीत खर्ची पडतो. बटनपट्टी, रिब (सुलट-उलट टाक्यांची ताणणारी काठाची वीण) आणि जोडणीसाठी १५ टक्के वाढवले की १०३ ग्रॅम.

गुंडे ५० ग्रॅमचे. १०३ ÷ ५० = २.०६, म्हणजे गुंडे तीन. "दोनात भागेल" असं मन सांगतं आणि नेमकी गळ्याची पट्टी अडते. तिसरा गुंडा नकोच असेल तर स्वेटर दोन सें.मी. आखूड करा, पण ते सुरुवातीलाच ठरवा.

५. नमुना धुवायलाच हवा का? आणि पावसाळ्यात वजन बदलतं म्हणतात ते खरं का?

दोन्हींना हो. सूत धुतल्यावर आटतं, तर जाळीची वीण धुऊन ताणल्यावर पसरते. न धुतलेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ म्हणजे कपड्याचं खरं क्षेत्रफळ नव्हे.

आता पावसाळ्याचं. धागे हवेतली ओल धरतात. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के पाणी धरून असतो आणि ॲक्रिलिक एक-दोन टक्केच. खरी मेंढीची लोकर तर हाताला ओलसर न लागता वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता कायमच चढी असते, त्यामुळे धुतलेला तुकडा दोन दिवस वाळत घालूनही आतून दमट राहतो. हाताला कोरडा लागणं पुरेसं नाही. पंख्याखाली ठेवा आणि लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं तरच तो आकडा धरा.

वरच्या उदाहरणात चौकोन ७ ऐवजी ७.५ ग्रॅम भरला असता, तर ती अर्ध्या ग्रॅमची चूक स्वेटरपर्यंत पोचताना जवळजवळ तेरापट झाली असती. उरलेला गुंडा आणि विणलेला भाग यांची तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच दिवशी, एकाच काट्यावर तोला. मेमध्ये तोललेला गुंडा आणि ऑगस्टमध्ये तोललेली पाठ यांचा हिशेब जुळत नाही. तो काट्याचा दोष नसतो.

६. वीण बदलली तर लोकर किती वाढते?

साधी वीण, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट, ही पायरी धरा. सगळ्या ओळी सुलट विणल्या की कापड उभ्यात आक्रसतं, तेवढ्याच उंचीला जास्त ओळी लागतात आणि साधारण चौथा हिस्सा लोकर वाढते. दोन सुलट-दोन उलट रिब न ताणता मोजली तर तीही तितकीच खाते, कधी थोडी जास्तच. वेण्यांची वीण अंगभर असेल तर १५ ते २० टक्के धरा. वेण्या दाट असल्या तर त्याहून वर. जाळीत मात्र धागा वाचतो, कारण भोकांना लोकर लागत नाही!

कपड्यात दोन-तीन विणी मिसळल्या असतील तर प्रत्येकीचा वेगळा चौकोन विणा. कंटाळवाणं काम आहे, पण वेण्यांच्या मोठ्या स्वेटरला याला पर्याय नाही.

७. कृती ॲक्रिलिकची आहे, मला गोव्याच्या हवेला सूत हवंय. किती घेऊ?

आधी मीटर काढा, मग नव्या धाग्यात उतरवा. कृतीत ३०० ग्रॅम ॲक्रिलिक, १०० ग्रॅमला २९० मीटर असेल तर एकूण ८७० मीटर. तुमचं सूत १०० ग्रॅमला २०० मीटर असेल तर ८७० ÷ २०० × १०० = ४३५ ग्रॅम. ५० ग्रॅमचे नऊ गुंडे.

यातली मेख अशी की सुती स्वेटर स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. ४३५ ग्रॅमचा कपडा महिन्याभरात दोन-तीन सें.मी. उतरला तर नवल नाही. म्हणून सुतात मोठ्या माणसाचा लांब स्वेटर आम्ही सुचवत नाही. बिनबाह्यांची बंडी, बाळाचे कपडे आणि घरातल्या वस्तू यांना मात्र सुतासारखं दुसरं काही नाही.

८. मुलाला एक साईज मोठा करायचाय. थोडी लोकर जास्त घेतली की झालं?

"थोडी" म्हणजे तुम्हाला वाटते त्याच्या दुप्पट. घेर आणि उंची दोन्ही वाढतात, म्हणून लोकर वर्गाच्या पटीत वाढते. २४ इंची छातीवरून २८ इंचीवर गेलात तर फरक १७ टक्के दिसतो, पण (२८ ÷ २४) चा वर्ग १.३६ येतो. १५० ग्रॅमच्या जागी २०४ ग्रॅम लागतील. नुसती उंची वाढवायची असेल तर साधं प्रमाण पुरतं.

९. तिकोनी शाल किंवा गोल आसन अर्धं झालंय. अर्धीच लोकर गेली असेल ना?

सर्वांत जास्त फसगत इथे होते. चौकोनी कामात प्रत्येक ओळ सारखी असते. टोकापासून सुरू होऊन रुंदावत जाणाऱ्या तिकोनात किंवा मध्यापासून वाढणाऱ्या गोलात प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा लांब असते. निम्म्या खोलीपर्यंत आलात तेव्हा फक्त चौथा हिस्सा लोकर गेलेली असते, तीन हिस्से अजून लागायचे असतात.

उलट बाजूने सांगायचं तर निम्मी लोकर संपते तेव्हा शाल अंतिम खोलीच्या ७१ टक्क्यांवर असते आणि पाऊण लोकर संपते तेव्हा ८७ टक्क्यांवर. म्हणून गुंडे सुरुवातीलाच तोलून ठेवा. निम्मं वजन उरलं तेव्हा खोली ५० सें.मी. भरली, तर शाल फार तर ७० सें.मी. होईल. त्यातूनच काठ आणि टाके बंद करणं भागवायचं आहे.

गोल आसनाचं गणित त्याहून सोपं. १० सें.मी. व्यासापर्यंत ४ ग्रॅम गेले आणि तुम्हाला ३० सें.मी. हवेत, तर व्यास तिप्पट म्हणजे दोरा नऊपट: ३६ ग्रॅम. काठाला झालर असेल तर हे पुरणार नाही. प्रत्येक टाक्यात दोन टाके घालून केलेल्या झालरीची एक ओळ साध्या दोन ओळींचा दोरा घेते आणि पुढची ओळही दुप्पट टाके केले तर चार ओळींचा. झालर सुंदर दिसते खरी, पण पुष्कळदा आसनाचा निम्मा दोरा तीच गिळते.

१०. क्रोशाला सुयांपेक्षा जास्त दोरा लागतो का?

तेवढ्याच जाडीच्या धाग्यात तेवढंच क्षेत्रफळ भरायला साधारण चौथा ते तिसरा हिस्सा जास्त धरा. खांब (क्रोशाचे उभे टाके) घट्ट आणि जवळजवळ असतील तर वरचा आकडा, साखळ्यांची मोकळी जाळी असेल तर खालचा किंवा त्याहूनही कमी.

तोरणाला क्षेत्रफळाच्या भानगडीत पडू नका. एक फूल किंवा एक पान पूर्ण करा, तोला, नगांनी गुणा. वरची पट्टी १० सें.मी. विणून तोला आणि दाराच्या रुंदीने वाढवा. एका फुलाला १.८ ग्रॅम आणि फुलं २१, तर ३७.८ ग्रॅम फुलांना. पट्टी, लोंबत्या साखळ्या आणि गोंडे वेगळे धरा. गोंडे विसरतातच सगळे. १० सें.मी. लांबीचा ४० पदरी गोंडा चार मीटर दोरा घेतो.

११. दोन रंगांत विणायचंय. प्रत्येकाचा अंदाज कसा?

पट्टे असतील तर एकूण लोकर ओळींच्या प्रमाणात वाटा. प्रत्येक रंगबदलाला दोन्ही टोकांचे १५-१५ सें.मी. जातात तेही मोजा.

एकाच ओळीत दोन रंग घेऊन नक्षी काढायची असेल तर न वापरलेला रंग मागून ओढत न्यावा लागतो आणि कापडाला दोन थर येतात. एकूण लोकर साध्या विणीच्या सव्वा ते दीडपट होते. इथे दोन्ही गुंडे नमुन्याआधी आणि नमुन्यानंतर तोलले की कोणता रंग किती गेला ते समजतं. नजरेने ठरवू नका. समोर कमी दिसणारा रंग मागे भरपूर असतो.

१२. लेबल हरवलेला गुंडा आहे. त्यात किती मीटर असतील?

१० मीटर मोजून काढा, न कापता. टेबलाच्या कडेवर मीटरची खूण करून घेतली की काम लवकर होतं. तेवढा भाग काट्यावर ठेवा, गुंडा बाजूला टेकवून, काट्यावर भार येणार नाही असा. १० मीटरचं वजन ४ ग्रॅम आलं तर १०० ग्रॅममध्ये २५० मीटर. पूर्ण गुंडा ६४ ग्रॅम असेल तर १६० मीटर. धागा ताणून मोजू नका. ॲक्रिलिक चांगलंच ताणतं आणि मग हिशेबात मीटर जास्त दिसतात, विणताना कमी पडतात.

१३. कोनवरचं (शंकूच्या आकाराच्या रिळावरचं) सूत स्वस्त पडतं. त्यावरचे २/२० वगैरे आकडे कसे वाचायचे?

पहिला आकडा पदर, दुसरा बारीकपणा. भागाकार करा: २/२० म्हणजे २० ÷ २ = १०. पुढचं कापूस की लोकर यावर ठरतं.

कापसाच्या इंग्रजी मापात १ नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्ड. १० नंबर म्हणजे पौंडात ८४०० यार्ड, ग्रॅमला जवळजवळ १७ मीटर आणि १०० ग्रॅमला सुमारे १६९० मीटर. इतका बारीक धागा एकेरी कोणी विणत नाही. चार पदर एकत्र धरले की १०० ग्रॅमला ४२० मीटरच्या आसपास येतो, म्हणजे बाळाच्या कपड्यांना योग्य बारीक धागा.

लोकर आणि ॲक्रिलिकला बहुधा मेट्रिक माप असतं. तिथे भागाकार म्हणजे थेट ग्रॅमला मीटर. २/२८ म्हणजे १४, १०० ग्रॅमला १४०० मीटर. दोन्ही मापं एकत्र कालवली तर हिशेबात जवळजवळ १.७ पटीचा फरक पडतो. कोणतं माप आहे हे विचारूनच घ्या, आणि खात्री नसेल तर प्रश्न १२ आहेच.

१४. टाके घालताना शेपूट (सुरुवातीला मोकळं सोडलेलं धाग्याचं टोक) दर वेळी कमी पडते. किती सोडायची?

सुईला धागा दहा वेळा गुंडाळा, उलगडून मोजा, टाक्यांच्या हिशेबाने वाढवा. ८० टाके आणि दहा वेढ्यांना १७ सें.मी. लागले, तर १७ × ८ = १३६ सें.मी., अधिक २५ सें.मी. टोक, म्हणजे १६० च्या आसपास. दोनशेच्या वर टाके असतील तर मोजत बसू नका. दोन गुंड्यांची टोकं गाठ मारून एकत्र घ्या, एकाने शेपटीचं काम करा, शेवटी गाठ सोडा.

१५. गुंडा संपत आलाय. अजून एक ओळ होईल का?

साध्या विणीत एका ओळीला रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो, टाके बंद करायला तिप्पट ते चौपट. ४० सें.मी. रुंदीच्या पाठीसाठी ओळीला १२० सें.मी., बंद करायला १६० सें.मी. आणि शेवटी २० सें.मी. टोक.

मोजायचं नसेल तर उरलेला धागा दुमडून मध्यावर सैल गाठ मारा. एक ओळ विणा. गाठ आली नाही तर पुढची ओळही होईल. गाठ मध्येच आली तर ती ओळ उसवून आधीच्या ओळीवर टाके बंद करा. जाळीच्या आणि वेण्यांच्या विणीत ओळी सारख्या नसतात, तिथे या गाठीवर विसंबू नका.

१६. हिशेबापेक्षा किती जास्त घ्यावं?

चौकोन विणून हिशेब केला असेल तर १० टक्के, नुसत्या ढोबळ आकड्यांवर असेल तर २० टक्के. त्यावर येणारा अपूर्णांक नेहमी वर न्या. वरच्या उदाहरणातले १५ टक्के पट्ट्यांचे होते, पण तिसरा गुंडा घेतल्यावर राखीवही आपोआप आला.

सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या खेपेचे घ्या. लेबलावर रंगाच्या नंबराशेजारी लॉटचा नंबर असतो. रंग तोच आणि लॉट वेगळा असेल तर ट्यूबलाइटखाली फरक दिसत नाही, अंगणातल्या उन्हात बरोबर दिसतो. पणजी-मडगावच्या दुकानांत एका रंगाचा साठा फारसा नसतो आणि पुन्हा मागवला तर तोच लॉट येईल याची हमी नाही. न वापरलेले गुंडे परत घेतील का, हे पैसे देण्याआधी विचारा.

१७. एवढं करूनही कमी पडली आणि तो लॉट संपलाय. आता?

स्वेटर पूर्ण असून फक्त पट्ट्या राहिल्या असतील तर गळा, मनगट आणि खालची पट्टी तिन्ही दुसऱ्या रंगात करा. एकच पट्टी वेगळी केली तर ती चूक दिसते, तिन्ही केल्या तर बेत दिसतो. दुसरा लॉट मिळाला तर जोड एकदम देऊ नका. आठ-दहा ओळी जुना आणि नवा गुंडा दोन-दोन ओळींनी आलटून पालटून चालवा.

बाह्या राहिल्या असतील तर उरलेल्या लोकरीचे तोलून दोन सारखे भाग करा आणि दोन्ही बाह्या एकाच सुईवर दोन गुंड्यांनी एकदम विणा. जिथे संपेल तिथे दोन्ही सारख्याच आखूड होतील. दोन बाह्या मिळून स्वेटरची साधारण एक तृतीयांश लोकर घेतात, त्यामुळे लोकर कमी असल्याची शंका आधीच असेल तर पुढच्या वेळी बाह्या पहिल्या विणा आणि अंगाची उंची उरलेल्या लोकरीवर सोडा.